पूल उचलतो कोण?

बेळगाव जिल्ह्यात कुडचीजवळ रेल्वे कृष्णा नदी ओलांडते. तिथला पूल जागचा हलत नाही आणि हलायची गरजही नाही, कारण त्या पाण्यात उंच जहाजं येत नाहीत. अमेरिकेतल्या शिकागो नदीचं तसं नव्हतं. भर शहरात जहाजांची ये-जा आणि दोन्ही काठांवर रेल्वेचं जाळं!

मग पूलच उंच का बांधला नाही? अडचण चढाची. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड कमी मिळते. आपल्या जवळच्या कॅसलरॉक-कुळे घाटात ३७ मीटरला एक मीटर चढ आहे, तर तिथे मालगाड्यांना जादा इंजिनं लावावी लागतात. १०० मीटरला एक मीटर असा सौम्य चढ धरला, तरी रूळ ३० मीटर वर न्यायला दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटर लागतील. शहरात एवढी जागा कुठली? त्यापेक्षा पूल खाली ठेवावा आणि जहाज आलं की उचलावा. १९१४ साली पेनसिल्वेनिया रेल्वेने बांधलेला शिकागोतला पूल असाच आहे. दोन मनोऱ्यांच्या मधला सुमारे ८३ मीटरचा गाळा, म्हणजे पुलाचा मधला तुकडा, आडवाच्या आडवा वर जातो.

शेकडो टनांचं हे धूड उचलायला प्रचंड मोटर लागत असेल, असं वाटतं. खरं काम करतो प्रतिभार. बेळगावात टिळकवाडीतल्या रेल्वे गेटचा लांब दांडा पाहा. आखूड टोकाला वजन असतं म्हणून तो सहज उठतो. इथे गाळ्याला बांधलेले पोलादी दोर मनोऱ्यावरच्या चाकांवरून पलीकडे जातात आणि त्यांना जवळपास गाळ्याइतकंच वजन लटकतं. मोटरला घर्षण, वारा आणि सुरुवातीचं जडत्व एवढंच सांभाळायचं असतं. गाळा मुद्दाम किंचित जड ठेवतात, म्हणजे खाली आल्यावर तो घट्ट बसतो.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे दोरांचा हिशेब. गाळा खाली असताना दोरांचं वजन गाळ्याच्या बाजूला असतं. तो वर गेला की तेच वजन प्रतिभाराच्या बाजूला जातं. म्हणजे तोल वाटेतच बदलत राहतो! उंच उचलायच्या पुलांवर म्हणून भरपाईच्या साखळ्या लावतात.

उचलण्यापेक्षा अवघड काम पुढचंच. खाली आलेल्या गाळ्याचे रूळ काठावरच्या रुळांशी अचूक जुळले पाहिजेत. गाळा बसला, कुलपं लागली, याची खात्री यंत्रणेला पटेपर्यंत सिग्नल हिरवा होत नाही.

हे पाहायला शिकागो गाठायला नको. रामेश्वरला जोडणारा पांबनचा १९१४चा पूल दोन पाती वर उघडून जहाजाला वाट देई, तीही माणसांच्या हातांनी. एप्रिल २०२५मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा मात्र सरळ १७ मीटर वर जातो. रामेश्वरला रेल्वेने जाणार असाल, तर त्या गाळ्याच्या दोन्ही बाजूंचे मनोरे खिडकीतून जरूर पाहा.