यार

यार : जिवलग मित्रासाठी योजला जाणारा, मूळचा फारसी शब्द. तुर्कस्तानापासून बंगालपर्यंतच्या अनेक भाषांत तो रुळला असला, तरी त्याची अर्थच्छटा सर्वत्र सारखी नाही.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘जार’ या शब्दाशी यारचे नाते जोडण्याचा मोह सहज होतो. ऋग्वेदात अग्नीला उषेचा जार म्हटले आहे, आणि ‘तिचा यार’ म्हणताना मराठीतही चोरटा प्रियकरच अभिप्रेत असतो. ध्वनिनियम मात्र आड येतात. प्राचीन इराणी भाषांतील शब्दारंभीच्या ‘य’चा आधुनिक फारसीत ‘ज’ झालेला दिसतो. संस्कृत यव व यातु यांची फारसी भावंडे जौ आणि जादू अशी आहेत. यारमधला ‘य’ टिकला, त्याअर्थी तो मुळात शब्दारंभी नसावा. मध्य फारसीत ‘अयार’ हे रूप आढळते, तर पार्थियन या प्राचीन इराणी भाषेत ‘अद्यावर’. दोहोंचा अर्थ मदतनीस, पाठीराखा. फारसी ‘यावर’ (साहाय्यक) हाही त्याच कुळातला. त्यामुळे मैत्रीचा अर्थ मदतीच्या अर्थातून विकसित झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘अय्यार’ या शब्दाबाबत मतभेद आहेत. अब्बासी खिलाफतीच्या काळात, साधारणपणे नवव्या ते बाराव्या शतकांत, बगदाद व सीस्तान (आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरील प्रदेश) भागातील सशस्त्र टोळ्यांना हे नाव होते. सफ्फारी घराण्याचा संस्थापक याकूब बिन लैस (मृत्यू ८७९) हा त्यांच्यातूनच पुढे आला. हिंदी कथांतले वेषांतरपटू ऐयार ते हेच. अय्यार हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ भटक्या, असे सामान्यतः मानतात. इराणी पंडित मलिकुश्शुअरा बहार यांनी तो पहलवी (म्हणजे मध्य फारसी) ‘अयार’वरून आल्याचे सुचवले. टोळीतल्या बंधुभावाशी ही कल्पना छान जुळते, पण अरबी धातूवरून शब्द सरळ सिद्ध होत असता तिची गरज भासत नाही. ‘शहरयार’ (राजा) मधला यार तर निराळाच : त्याचे मूळ रूप ‘क्षत्र-दार’ अशा धाटणीचे, म्हणजे राज्य धारण करणारा.

अर्थविस्तार : सुन्नी परंपरेत पहिल्या चार खलिफांना ‘चार यार’ म्हणतात. सूफी कवी बुल्लेशाह (सु. १६८०–१७५७) यांच्या पंजाबी काफ्यांत (गेय पदांत) यार म्हणजे ईश्वर; गावातल्या भांडणात तोच शब्द शिवी ठरतो. तुर्कीत यार म्हणजे प्रिया किंवा प्रियकर. बंगालीत ‘इयार’पासून ‘इयार्कि’ (थट्टामस्करी) झाले, आणि लहानांनी पायरी सोडली की वडीलधारे त्यांना दटावताना हाच शब्द वापरतात.

मराठी : यारी, यारदोस्त, जिगरी यार ही रूपे परिचित आहेत. संबोधन म्हणून आजचा वापर मुख्यतः शहरी व तरुणांचा असून त्यावर हिंदीची छाप उघड आहे. अरे-अगं यांत लिंगभेद पाळावाच लागतो, यारला तो नाही. ‘अगं, चल ना यार’ असे मैत्रीण मैत्रिणीला म्हणते. डोळ्यांदेखत लोकल सुटली की निघणाऱ्या ‘अरे यार!’मध्ये तर मित्र समोर असावाच लागत नाही. कोल्हापूरकडे या जागी ‘भावा’ किंवा ‘मर्दा’ चालते.