ख्रिस्ती धीर : सातारा-सांगली परिसर

ख्रिस्ती धीर : आजार, दारिद्र्य, मृत्यू किंवा समाजाचा दुरावा वाट्याला आला तरी येशू ख्रिस्तावरचा विश्वास न सोडणे आणि त्या विश्वासाच्या आधाराने रोजचे जगणे चालू ठेवणे, ही ख्रिस्ती धर्मजीवनातील धारणा व तिच्याशी जोडलेला आचार. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या रोमकरांस पत्रात (५:३-४) संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावलेला आहे. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राची सुरुवातच या विषयाने होते. सातारा व सांगली जिल्ह्यांतला मराठी ख्रिस्ती समाज संख्येने लहान. पण या धारणेची दोन ठळक रूपे येथे दिसतात. एक मिरज-सांगलीच्या मिशन दवाखान्यांत घडले, दुसरे साताऱ्यात अभंगाच्या चालीवर.

निमूटपणे सोसणे एवढाच या धीराचा अर्थ घेतला तर पवित्र शास्त्राचा (बायबलचा) बराच भाग गाळावा लागेल. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे देवाकडे उघड तक्रार करतात. वधस्तंभावर ख्रिस्ताच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे शब्द बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे आहेत. सर्वस्व गमावलेला बायबलमधला ईयोब देवाशी वाद घालतो आणि शेवटी देव त्याचीच बाजू उचलतो. ‘तुझ्याच पापाचे हे फळ’ असे समजावणाऱ्या त्याच्या मित्रांची नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. महारोग म्हणजे पूर्वकर्माचे फळ, ही समजूत घट्ट असलेल्या मुलखात या उताऱ्याचे वजन वेगळेच होते. मिरजेत मिशनने महारोग्यांसाठी स्वतंत्र दवाखाना चालवला. डॅप्सोन हे गुणकारी औषध १९४० च्या दशकात हाती येईपर्यंत तिथल्या रुग्णाला बरे होण्याची आशा जवळजवळ नव्हती. ज्या घरातून तो बाहेर पडला, तिथे परतणेही अवघड होते.

कृष्णाकाठच्या दक्षिण भागात काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाची एक शाखा) मिशनचे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात त्याचा पाया घातला आणि पुढे ते सांगली-मिरजेपर्यंत पसरले. या परंपरेच्या शिकवणीत माणसाच्या चिकाटीला दुय्यम जागा आहे : देव आपल्या माणसाचा हात सोडत नाही, म्हणून माणूस टिकतो. शिकवण कागदावर रूक्ष वाटते खरी. दवाखान्यात तिला हाडामांस आले. कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक विल्यम वानलेस (१८६५–१९३३) १८८९ मध्ये भारतात आले व १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. शस्त्रक्रियेआधी रुग्णाजवळ प्रार्थना करायची आणि मग सुरी हातात घ्यायची, ही मिशन दवाखान्यांची रीत होती. सांगली व मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. स्ट्रेप्टोमायसिन मिळण्यापूर्वी क्षयावर उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, सकस अन्न आणि कित्येक महिने पडून राहणे. तिथे धीर धरणे हा उपदेशाचा विषय कमी आणि औषधयोजनेचा भाग जास्त होता.

साताऱ्याची गोष्ट निराळी. येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. पण शहराला या विषयात खरे महत्त्व आले ते कवी नारायण वामन टिळकांमुळे (१८६१–१९१९). चित्पावन ब्राह्मण कुटुंबातल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची झळ सर्वांत जास्त लागली ती पत्नी लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६). पुढची काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण सोवळेओवळे त्यांनी सावकाश, स्वतःला पटेल तसे सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा काळ त्यांनी हसतखेळत सांगितला आहे. ख्रिस्ती धीराचे मराठीतले सर्वांत विश्वासार्ह दर्शन याच पुस्तकात घडते, कारण त्यात उपदेश शोधूनही फारसा सापडत नाही.

तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे टिळक म्हणत. १९१७ मध्ये मिशनच्या पगारी नोकरीतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ होता. उतारवयात, ठरलेले उत्पन्न सोडून असा घाट घालणे मिशनमधल्या अनेकांच्या पचनी पडण्यासारखे नव्हते. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. त्यांची भजने मात्र राहिली. मराठी उपासनेत ती आजही गायली जातात. त्यांत भक्त देवाला वारकऱ्याच्या हक्काने आळवतो, रुसतो, पुन्हा पाय धरतो. प्रेस्बिटेरियन शिकवणीत देवाने धरलेला हात इथे भक्ताच्या बाजूने धरलेला दिसतो.

धर्मांतरितांपुढच्या अडचणी सगळ्या सारख्या नव्हत्या. वारसाहक्क शाबूत ठेवणारा १८५० चा कायदा कंपनीच्या मुलखापुरता होता. १८४८ मध्ये खालसा झालेला सातारा त्याखाली आला, सांगली-मिरज ही संस्थाने त्याबाहेर होती. दलित कुटुंबांच्या वाट्याला धर्म बदलूनही पाणवठ्यावरची अस्पृश्यता आलीच. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट आहे. ती १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी सैल झाली, ख्रिस्ती दलितांसाठी नाही. अशा कुटुंबाला व्यासपीठावरून नुसता धीराचा उपदेश करणे सोपे असते, आणि काहीसे लाजिरवाणेही.

आचार साधा आहे. आजारी किंवा शोकाकुल घरी मंडळीतली (स्थानिक चर्चमधली) माणसे जमून घरगुती प्रार्थना करतात. पाळक शास्त्रवाचन करतात, गीते होतात, चहा होतो. उपासनेत ‘साक्ष’ देण्याची प्रथा आहे : उभे राहून आपल्यावर काय गुदरले आणि देवाने कसे निभावले ते सांगायचे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवरची उपासना, हा वर्षातला या विषयाचा मुख्य काळ. ‘देहातला काटा’ म्हणून सांगितलेली आपली व्यथा दूर व्हावी, या पौलाच्या विनवणीला मिळालेले ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर (२ करिंथ १२:९) आजारपणात हमखास वाचले जाते. काटा निघाला नाही, हे त्या उताऱ्यात स्पष्टच आहे. तेविसावे स्तोत्र तर पाठच असते. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत चाऱ्यासाठी घरदार सोडून कळपामागे चालणारे धनगर आजही दिसतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तिथे निव्वळ काव्य राहत नाही.

अलीकडच्या काही स्वतंत्र मंडळ्यांत तत्काळ आरोग्यलाभावर भर असतो, आणि बरे न झाल्यास रुग्णाच्याच विश्वासात उणीव शोधली जाते. ईयोबाच्या मित्रांचा युक्तिवाद फार वेगळा नव्हता. जुन्या मंडळ्यांतली प्रार्थना डॉक्टरासाठीही असते.