पखवाज कापून तबला झालेला नाही

ठाण्यात कौपीनेश्वराच्या देवळात भजन रंगात आलं की शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास सांगतं, "अमीर खुसरोंनी पखवाज मधोमध कापला, त्याचाच तबला झाला." पिढ्यान् पिढ्या ऐकलेली ही गोष्ट. पण वाद्य हातात घेऊन पाहिलं की ती टिकत नाही.

पखवाजाचं खोड आरपार पोकळ. दोन्ही तोंडांच्या पुड्या, म्हणजे कातड्याचे पडदे, वादीने (चामड्याच्या पट्टीने) एकमेकींना ताणून बांधलेल्या. मधे कापलंत तर ताणच गेला, हाती उरली बूड नसलेली दोन नळकांडी! तबल्याचं लाकूड खालून बंद असतं आणि जोडीचा डाव्या हाताचा डग्गा धातूचा किंवा मातीचा, त्यावर कायमची शाई, म्हणजे काळा गोल लेप. पखवाजाच्या डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ओली कणीक थापतात, आवाज धीरगंभीर होईपर्यंत बोटांनी दाबत पसरतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात.

सूफी कवी अमीर खुसरो वारले १३२५ साली. तबला-डग्ग्याच्या जोडीचे भक्कम पुरावे थेट १८व्या शतकातले. दोन्ही वाद्यांचं नातं आहे, पखवाजाचे बोल तबल्यात आलेतच. पण पखवाज ज्या मृदंगाचा प्रकार, त्या मृदंगाची ओळख त्याहून कितीतरी जुनी: मृद् म्हणजे माती, मातीचं अंग ते मृदंग. शिवाच्या तांडवाला गणपती साथ करतो तीही मृदंगावरच, अशी श्रद्धा आहे.