सोसोगड

सोसोगड हे गोव्यातील सर्वांत उंच शिखर. सत्तरी तालुक्याच्या पूर्व अंगाला, कर्नाटकच्या सीमेजवळच्या सह्याद्रीत ते उभे आहे. काही नकाशांवर त्याचे नाव ‘सोन्सोगोर’ असेही छापलेले असते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार मीटरहून जास्त आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सोसोगडाची थोरली बहीणच. तरी सोसोगडाला बुटका म्हणू नये. गोवा एवढासा, अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूपासून पूर्वेकडे पन्नास-साठ किलोमीटर गेले की जमीन एकदम आभाळाकडे चढू लागते. साधारण दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे पणजीत घाम निथळत असताना शिखरावर गार वारा लागतो.

वाघेरी, मोर्लेगड आणि काटलाची माउली हे सोसोगडाचे शेजारी. वाळपई हे तालुक्याचे मुख्य गाव. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, असे नावाचे कारण सांगतात.

गोवा म्हटले की मुलांना लाल चिरा आठवतो, घराच्या भिंतींचा, विहिरीच्या कठड्याचा. पण गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सुर्ला आणि चोर्ला घाटाच्या बाजूला, काळा कातळही आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. महाराष्ट्राचे बहुतेक किल्ले ज्या दगडावर उभे आहेत तोच हा दगड, गोव्यात तो एवढ्याच तुकड्यापुरता येतो. (घाटावरचे सुर्ला आणि प्राचीन महादेव मंदिराचे तांबडी सुर्ला ही दोन वेगळी गावे आहेत. सहलीला जाताना पुष्कळांची गल्लत होते.)

या डोंगरांचे सर्वांत मोठे काम म्हणजे पाऊस अडवणे. जूनमध्ये समुद्रावरून ओलसर वारे येतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात. पुढे वाट नसल्याने ते वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि त्यांतल्या वाफेचे पाणी होऊन कोसळते. गोव्यात पाऊस अजून इंचांत मोजतात, आणि वाळपईचा आकडा शंभर इंच सहज ओलांडतो. हे पाणी ओहोळांतून म्हादई नदीला मिळते. म्हादईचा उगम कर्नाटकात भीमगडच्या जंगलात होतो. सत्तरीतून वाहताना तिला म्हादई म्हणतात, खाली पणजीला पोचेपर्यंत तीच मांडवी झालेली असते. मांडवीच्या पुलावरून जाताना खाली दिसणाऱ्या पाण्यातले थोडे याच डोंगरांवर पडलेले असते, हे मुलांना जरूर सांगावे.

सोसोगडाभोवतीचे रान म्हादई अभयारण्यात येते. १९९९ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी इथे कळपाने फिरतो. त्याच्या पायांकडे पाहावे: गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. सांबर, भेकर, अस्वल, बिबटा, झाडाच्या शेंड्यावरून उड्या मारणारा शेकरू, मोठ्या चोचीचा धनेश आणि लाल गळ्याचा पिवळा बुलबुल (हा गोव्याचा राज्यपक्षी) हे सगळे इथले रहिवासी. उतारांवर कारवी वाढते. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि मग सारा डोंगर जांभळा होतो.

पण या रानातला सर्वांत नवलाचा जीव मातीखाली राहतो. त्याचे नाव देवगांडूळ. दिसायला गांडूळ, वागायला साप, नात्याने मात्र बेडकाचा चुलत भाऊ! त्याला पाय नसतात, डोळेही जेमतेम. पावसाळ्यात माती भिजली की तो वर येतो, आणि माणसे सापाचे पिल्लू समजून त्याला मारतात. तो चावून विष भिनवणारा प्राणी नाही. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी या भागातल्या देवगांडुळांच्या दोन नव्या जाती जगापुढे आणल्या. सत्तरीतील केरी गावात सापडलेल्या जातीच्या शास्त्रीय नावात गोवा आहे, चोर्ल्याजवळच्या जातीच्या नावात म्हादई. आपल्या नदीचे नाव जगभरच्या ग्रंथांत एका बिनपायाच्या जिवाने नेले आहे.

वाघही इथे आहेत. सत्तरीची माणसे दगडात कोरलेल्या वाघाला पिढ्यान्पिढ्या ‘वाघ्रो’ देव म्हणून पूजत आली आहेत. तरीही जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले, त्यांना विष घालण्यात आले होते. वाघामुळे गुरे गमावलेल्या गवळ्याचे दुःख खरे असते, म्हणून भरपाई लवकर हाती पडणे फार महत्त्वाचे आहे. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

इतिहासात या डोंगररानाने सत्तरीच्या राणे घराण्याला साथ दिली. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारून वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला. १८९५ मध्ये पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेतील मोझांबिकला जायला नकार दिला आणि तेही नाणूसलाच जमले. त्या उठावात दादा राणे पुढे होते. पोर्तुगीज फौजेला रानातल्या वाटा परक्या होत्या, गावकऱ्यांना मात्र त्या पाठ होत्या.

सोसोगड चढायचा तर आधी वन खात्याची परवानगी आणि सोबत वाटा जाणणारा गावकरी हवा. मुलांनी मोठ्यांशिवाय जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसात ओहोळ घटकाभरात फुगतात आणि पायांना जळवा चिकटतात. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, पहाटे निघावे. गवे दिसले तर थांबावे, वाट सोडून बाजूला व्हावे, पिल्लू असेल तर आणखी लांब राहावे. मार्चनंतर गवत वाळून कोळ होते. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले. उभ्या चढावर बंब पोचेनात, तेव्हा हवाई दल आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतले. म्हणून इथे चुलीचे जेवण नको. भाकरी, केळी आणि पाण्याची बाटली घरूनच न्यावी, आगपेटी घरी ठेवावी.