जुना पोस्टग्रेस आणि रविवारची जागरणं

तुमच्याकडे पोस्टग्रेस (नोंदी साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर) ९.५ किंवा त्याहून जुना चालू असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी. तो नव्या आवृत्तीवर नेण्याचं, म्हणजे अपग्रेडचं काम आम्ही करतो. बंद पडत नाही म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. पण दर रविवारी रात्री त्याच्यासाठी कुणीतरी जागतं.

पोस्टग्रेसमध्ये नोंद बदलली की जुनी नोंद पुसली जात नाही. नवी वेगळी लिहिली जाते आणि जुनी, मेलेली नोंद जागा अडवून बसते. ती जागा मोकळी करण्याचं काम व्हॅक्यूमचं. २००८ च्या ८.३ पासून ते आपोआप चालतं, तरी बऱ्याच क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत) पहाटे दोनची ‘व्हॅक्यूम फुल’ची, म्हणजे अख्खं टेबल नव्याने लिहिण्याची, ओळ सापडते. ती कोणी लिहिली, ऑफिसात कुणालाच ठाऊक नसतं. ती चालू असताना टेबल पूर्ण लॉक होतं. काम लांबलं की सकाळी बिलाचा स्क्रीन नुसता फिरत राहतो. ही ओळ बहुतेक ठिकाणी अपग्रेड न करताही काढता येते. आम्ही आधी तेच करतो, त्याचे पैसे लावत नाही.

बाकीची कामं मात्र जुन्या आवृत्तीचीच देणगी. ट्रान्झॅक्शनचे (डेटातल्या बदलांचे) क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित; ते संपून पुन्हा तेच फिरून आल्याने गोंधळ होऊ नये म्हणून अधूनमधून मोठी टेबलं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागत. ९.६ पासून आधीच ‘गोठवलेली’ (या कामासाठी पुन्हा वाचायची गरज नसलेली) पानं वगळली जातात. फुगलेला इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) नव्याने बांधताना नोंदी थांबवाव्या लागत. १२ पासून काम चालू ठेवून बांधता येतो. ज्यात फक्त भर पडते अशा लॉगच्या टेबलांकडेही १३ पासून ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारं व्हॅक्यूम) आपणहून बघतं.

बॅकअप आणि तो परत चढवून बघणं मात्र सुटत नाही. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षंच दुरुस्त्या मिळतात, तेव्हा अपग्रेडचं काम पुन्हा येणार.

आम्ही आधी दुसऱ्या मशीनवर तुमच्या डेटाची प्रत घेऊन तालीम करतो. डिस्कवर जागा असेल तर अपग्रेडची ‘लिंक’ पद्धत (डेटाची प्रत न करता जुन्याच फाइली वापरणारी) टाळतो. तीत नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्यावर परतता येत नाही. शेवटी ‘अ‍ॅनालाइझ’ (टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणारी आज्ञा) चालवतो, नाहीतर पहिल्या दिवशी साध्या क्वेरीही रखडू शकतात.

तुमच्याकडून एकच यादी हवी: डेटाबेसला कोण कोण जोडलेलं आहे. १४ पासून नवे पासवर्ड मुळातच ‘स्क्रॅम’ या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात. जुन्या ड्रायव्हरला (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते कळत नाही, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचा महिनाअखेरचा रिपोर्ट हमखास त्याच ड्रायव्हरवर चालतो.