तुमच्या घरातली जुनी मुंबई पॉटरी : ओळख आणि निगा

आमच्याकडे जुनी, झिलईची फुलदाणी घेऊन येणारे बहुतेकजण दोन प्रश्न विचारतात. ही विलायती आहे की देशी? आणि दुरुस्त होईल का? दुसऱ्याचं उत्तर भांडं हातात घेतल्यावर दहा मिनिटांत देता येतं. पहिल्याला वेळ लागतो, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी भांडं उलटं करून बुडाशी झिलई न लागलेली जागा बघा. तिथे तांबूस किंवा बदामी माती दिसली, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर, त्या थरावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तपकिरी रंगांतलं चित्र आणि सगळ्यावर काचेसारखी झिलई असेल, तर ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागातलं मुंबईचं काम असण्याची शक्यता आहे. 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट' असा इंग्रजी शिक्का मिळाला तर दुधात साखर. नुसत्या चित्रावरून मात्र निर्णय घेऊ नका, कारण अशा नक्षीची भांडी नंतरही बनत राहिली.

हे स्कूल म्हणजे आपलं सर जमशेटजी जीजीभॉय कला विद्यालय, स्थापना 1857. तिथले अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी 1870 च्या दशकात पॉटरीचं काम सुरू केलं, आणि त्यांचा स्वतःचा 'वंडरलँड आर्ट पॉटरी' हा कारखानाही होता. झिलईची विद्या त्यांना सिंधमधून मिळाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, थेट 1936 पर्यंत.

सिंधच का, हे समजायला आपल्या कुंभाराकडे बघावं लागतं. त्याचा माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. माठाला झिलई दिली की माठपणच गेलं. संक्रांतीचं सुगड, दिवाळीची पणती, अंत्यविधीचं मडकं यांतलं काही पिढ्यान्‌पिढ्या टिकावं अशी अपेक्षाच नसते. त्यामुळे आपल्याकडे झिलईची फारशी गरज पडली नाही. सिंधमध्ये हाला, नसरपूर या गावांत मात्र मशिदी आणि कबरींसाठी रंगीत फरश्या बनत. त्या कामाला 'काशी' म्हणतात. हा शब्द आपल्या काशीवरून नाही, इराणातल्या काशान शहरावरून आला आहे. म्हणजे मुंबईत पोचण्याआधीच ही विद्या बराच प्रवास करून आलेली होती.

आता चित्राकडे या. कमळं, हंस, हत्ती, वळणदार वेली ओळखीच्या वाटतात, कारण त्या अजिंठ्याच्या आहेत. स्कूलमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 ते 1885 या काळात स्कूलचे विद्यार्थी लेण्यांत जाऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होते. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत जळाल्या. छतावरची नक्षी मात्र दरम्यान भांड्यांवर उतरली होती. सपाट छतावरची वेल फुगीर पोटावर बसवणं सोपं नाही. खांद्याशी घेर कमी होत जातो, तशी पाकळी अरुंद करावी लागते, नाहीतर शेवटची पाकळी पहिलीवर चढते. चांगल्या भांड्यात हा सांधा शोधूनही सापडत नाही. शिवाय कोबाल्टचा रंग कुंचल्यात काळपट असतो, त्याचा निळा होतो तो भट्टीत. म्हणजे चितारी निळं कमळ काढत असताना त्याच्या डोळ्यांसमोर निळा रंग नसायचाच. आम्ही हे करून पाहिलंय, आणि तेव्हापासून या कारागिरांबद्दलचा आमचा आदर दुप्पट झालाय.

हे मिश्रण बरोबरीच्या नात्यातून झालं नाही, हेही सांगायला हवं. गिऱ्हाईक मुख्यतः गोरं होतं, आकार बरेचदा विलायती दिवाणखान्याला शोभणारे होते, आणि शिक्का संस्थेचा. चाकावर बसलेल्याचं नाव सहसा नसतं. 'धड इकडची नाही, धड तिकडची नाही' असं म्हणून ही भांडी नाकारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्हाला ते पटत नाही. सिंधची झिलई, अजिंठ्याची वेल आणि इंग्रजी घाट हे तिन्ही जिथे एका भट्टीत गेले ते शहर मुंबई होतं, आणि भांडं तिथलंच आहे. खात्री करून घ्यायची तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा आणि तिथल्या मुंबई पॉटरीसमोर शांतपणे उभे राहा.

म्हणूनच दुरुस्ती करताना आम्ही चित्र पुन्हा रंगवत नाही. टवका उडालेली जागा प्लास्टरने भरतो आणि आजूबाजूच्या रंगाहून किंचित फिकी ठेवतो. दोन हात लांबून ती खुपत नाही, जवळून मात्र आमचं काम कुठलं आणि मूळ हात कुठला हे कळतं. चिकटवायला अ‍ॅसिटोनने पुन्हा सुटणारं अ‍ॅक्रेलिक रेझिन वापरतो. 'अगदी नव्यासारखं करा' असा आग्रह असेल, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

घरची निगा अवघड नाही. धूळ मऊ कुंचल्याने झटका, फार तर ओलसर फडक्याने पुसा. पाण्यात भिजवू नका. सुरुवातीच्या काळात आम्ही एक फुलदाणी रात्रभर पाण्यात ठेवली होती. झिलईवरच्या केसाएवढ्या भेगांतून आतली माती पाणी प्यायली, आणि सुकताना पांढरे क्षार वर येऊन काठाची झिलई पोपड्यासारखी सुटली. ते नुकसान भरून काढता आलं नाही. ताजी फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला ठेवा. भांडं मानेला किंवा कानाला धरून उचलू नका, बुडाखाली हात घाला.

या भांड्यांत लोणचं, चिंच, लिंबू, दही काही ठेवू नका, थाळीत जेवण वाढू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी वेगळी. ती जास्त आचेवर भाजलेली, घट्ट अंगाची असते, टिचकी मारली की खणखणीत वाजते. ही भांडी बद्द वाजतात. (टिचकी हलक्या हाताने मारा, आणि आधीच चीर असेल तर अजिबात नको.)

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाला किंवा भाचीला भेट द्यायचा विचार असेल तर आधी आमच्याशी बोला.

भांडं फुटलंच तर घरातला झटपट चिकटवणारा गोंद लावू नका. तुकडे एकमेकांना जुळवूनही बघू नका, कारण कडा घासल्या की सांधा नीट बसत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. फरशीवर राहिलेला चुराही एका पुडीत बांधून आणा.