कालव्याच्या पाण्यासाठी ‘सात नंबर’ अर्ज: कोणी, कधी आणि कसा भरायचा

कालवा सुटणार अशी कुणकुण लागली की आपण सरी-वरंबे नीट करतो, दारं धरायला माणूस बघतो, आणि पाणी मागणीचा ‘सात नंबर’ अर्ज (नमुना नंबर ७) तेवढा राहून जातो. “पाणी येणारच आहे, अर्ज कशाला?” असं चारीवर (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटावर) दरवर्षी ऐकू येतं. आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीचं, नियोजन होतं ते या अर्जांत नोंदलेल्या मागणीवर. चारीवर १०० एकर भिजतं आणि अर्ज २० एकरांचेच आले, तर कागदावर मागणीही २० एकरांचीच राहते. मग टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा गहू वाळला तरी त्याला बोट दाखवायला जागा उरत नाही.

महाराष्ट्रात सिंचनाचे हंगाम तीन: खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी १ मार्च ते ३० जून. पावसाळा संपल्यावर धरणातला साठा पाहून पिण्याच्या पाण्याचं आरक्षण आधी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यात आवर्तनं किती, यावर कालवा सल्लागार समितीत चर्चा होते. त्यानंतर जलसंपदा विभागाचं जाहीर प्रगटन निघतं. अर्जाची शेवटची तारीख त्यातच असते, म्हणून ते शेवटपर्यंत वाचा. प्रत्येक हंगामाचा अर्ज वेगळा. रब्बीचा अर्ज उन्हाळ्याला चालत नाही.

अर्ज करायचा तर जमीन प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात (प्रकल्पाचं पाणी ज्या भागासाठी आहे त्यात) असली पाहिजे. तुमचं क्षेत्र पाणी वापर संस्थेकडे (लाभधारक शेतकऱ्यांच्या संस्थेकडे) गेलेलं असेल, तर मागणी संस्थेकडे नोंदवायची. मोटर लावून उपसा करणाऱ्यांना उपसा परवानगीही लागते.

नमुना नंबर ७ सिंचन शाखेत मिळतो. गाव, गट नंबर, चारी, पीक आणि क्षेत्र भरायचं, सोबत चालू सातबारा जोडायचा. क्षेत्र २० आरच्या (सुमारे अर्ध्या एकराच्या) पटीत मागा, अशी अट प्रगटनांत असते. उताऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल, तर वारस नोंदीचं काम हंगामाआधीच तलाठ्याकडे घाला.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा थकबाकीवर. मागची पाणीपट्टी भरा, पावती जोडा, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

मंजुरी झाली की पाण्याचा पास मिळतो. पास हातात आल्यावरच, शेजपाळीतल्या (शेतकऱ्यांनी ठरलेल्या क्रमाने पाणी घ्यायच्या पद्धतीतल्या) आपल्या पाळीला पाणी घ्यायचं. विनापास किंवा पाळी मोडून घेतलं तर पंचनामा होतो आणि जादा आकारणी बसते. पासवर जेवढं क्षेत्र आहे तेवढंच भिजवा.

शेतचारी साफ ठेवणं लाभधारकांकडेच असतं. पाणी सुटायच्या आठवडाभर आधी चारीवरच्या सगळ्यांनी मिळून गाळ आणि गाजरगवत काढून घ्या. गवतात तुंबलेलं पाणी फुटून रस्त्यावर जातं, आणि टेलच्या माणसाची पाळी रात्रभर बांधावर बसूनही कोरडीच जाते.